कपाळींचें गोंदण आणि नवी भिवई

दोन वर्षांपूर्वींच्या माघ महिन्यांत आमच्या घरीं भिवयांवरून वाद झाला, असें सांगितलें तर वाचकांस हसूं येईल. परंतु तो झाला खरा, आणि त्याचा शेवट हसण्यासारखा नव्हता. मुलीबाळी असलेल्या प्रत्येक घरास त्यांतून कांहीं घेण्याजोगें आहे, असें वाटल्यावरून ती हकीकत येथें देत आहों. जिची ही हकीकत, तिची संमति आम्हीं घेतली आहे.

आमच्या वडील बंधूंची नात पंचवीस वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी. तिचें लग्न वैशाखांत व्हावयाचें होतें. तिच्या डाव्या भिवईचें शेपूट विरळ झालें होतें आणि तेथली कातडी किंचित् फिकट दिसत असे. एका ब्यूटी पार्लरांत तिला सांगण्यांत आलें कीं, दोन्ही भिवयांत बारीक सुयांनीं रंग भरून घ्यावा; दोन तासांचें काम; मग दोन-तीन वर्षें पेन्सिल हातांत धरावयास नको. ह्यास हल्लीं परमनंट मेकअप म्हणतात. मुलीच्या आईस बेत पसंत पडला, बापास त्याचा खर्च पसंत पडला नाहीं. आमच्या वहिनी तेवढ्या हसत होत्या. "अग, हें गोंदणच कीं! आमच्या वेळीं गोंदणारीण अंगणांत बसे, तुमची खुर्चीवर बसते, एवढाच फरक." वहिनींनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या कपाळावर व हनुवटीवर एकेक हिरवट टिंब आहे आणि उजव्या हातावर तुळशीवृंदावन.

वहिनींचें म्हणणें शब्दशः बरोबर आहे. आपल्या कातडीचा वरचा थर सुमारें महिन्याभरांत झडून नवा येत असतो; म्हणून मेंदी कांहीं दिवसांनीं जाते. रंग टिकावयाचा तर तो खालच्या थरांत पोंचला पाहिजे. तेथें शरीरांतील पेशी त्यास परका समजून गिळतात, पण त्यांस तो पचवितां येत नाहीं. त्या त्यास धरून बसतात, आणि हेंच गोंदण. जुन्या गोंदणांत काजळी असे. ती जन्मभर राहते. पार्लरांतील रंगांत बहुधा लोखंडाचे ऑक्साइड असतात आणि ते कमी खोल घालतात, म्हणून एक ते तीन वर्षांत ते फिके पडतात. तेव्हां 'परमनंट' हें नांवही पुरतें खरें नव्हे. सुई आणि रक्त मात्र दोन्हीकडे सारखेंच.

चंद्रपूर, आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या जंगलांच्या मुलुखांत गोंदण कोणास नवें नाहीं. गोंड आणि माडिया बायकांच्या चेहऱ्यावर व हातांवर तें वाचकांनीं पाहिलेंच असेल. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत गोंडांचे भाट जे ओझा, त्यांच्या बायका हें काम करीत असें नमूद आहे. सोनें-चांदी मेल्यावर येथेंच काढून घेतात, बरोबर येतें तें गोंदण, अशी त्या लोकांची समजूत. आमच्यासारख्या घरांतही पूर्वीं तें होतें; पुढें शिकलेल्या मंडळीस तें गांवढळ वाटूं लागलें आणि तें मागें पडलें. आतां तेंच इंग्रजी नांव घेऊन दिवाणखान्यांत आलें आहे.

आम्हीं हयातभर संस्कृत शिकविलें, त्यामुळें साहजिकच पोथ्यांत डोकावून पाहिलें. काव्यांतील नायिका गालांवर चंदनकस्तुरीची पत्रलेखा काढीत; ती संध्याकाळीं काढावी आणि सकाळीं धुवावी अशी. कातडीचा रंग कायमचा पालटण्याचा विषय काव्यांत न सांपडतां सुश्रुतांत सांपडला. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायांत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत 'कृष्णकर्म' आणि 'पांडुकर्म' हे दोन आहेत. घाव भरल्यावर राहिलेला पांढरा वण काळा करणें हें पहिलें, आणि काळा वण उजळ करणें हें दुसरें. कृष्णकर्मास भल्लातक, म्हणजे आपल्याकडील रानांत पडलेला बिब्बा, सांगितला आहे. (कोणीं तो घरीं लावून पाहूं नये. बिब्ब्याच्या तेलानें कातडी भाजून निघते.) आम्हांस त्यांतून एवढेंच दिसलें कीं, सुश्रुतानें हा विषय शृंगारांत धरलेला नाहीं, तो व्रणाच्या प्रकरणांत घातला आहे, आणि तोही व्रण शुद्ध होऊन भरून आल्यावर. हें वाचून दाखविल्यावर घरांत ठरलें कीं, पार्लरांत जाण्यापूर्वीं त्वचेच्या डॉक्टरांस विचारावें. मुलगी जरा रागावली, पण आली.

डॉक्टरीणबाईंनीं तिला विचारलेले प्रश्न आम्ही मुद्दाम क्रमानें देतों, कारण पूर्वतयारी ती हीच. मधुमेह आहे काय? असल्यास साखर ताब्यांत येईपर्यंत थांबावें, घाव चिघळतो. सिकलसेल आहे काय? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो आजार पुष्कळ आहे आणि साध्या जंतुसंसर्गानेंही त्याचा झटका येऊं शकतो. दिवस गेले असल्यास किंवा मूल अंगावर पीत असल्यास हें काम पुढें ढकलावें. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असल्यास तसें सांगावें; पण तें आपल्या मनानें बंद करूं नये, कारण हृदयासाठीं दिलेली गोळी भिवईसाठीं सोडणें हा वेडेपणा आहे. मुरुमांसाठीं आयसोट्रेटिनॉइन घेत असल्यास तें संपून सहा महिने तरी जाऊं द्यावे. कान टोचल्यावर जाड गांठ आली होती काय? आली असल्यास भिवईवरही येऊं शकेल. ओठ रंगवावयाचे असून त्यांवर पूर्वीं तापाचे फोड येत असतील तर आधीं औषध घ्यावें लागतें, नाहीं तर सुईबरोबर ते पुन्हां उठतात. केंसांच्या कलपानें अंगावर पुरळ उठतो काय? कसेंही असलें तरी कानामागें रंगाचा एक ठिपका देऊन कांहीं आठवडे वाट पाहावी.

मग सुयांचा विषय निघाला. एका सुईनें दहा जणींचे हात गोंदण्याच्या जुन्या रीतींत काविळीचे 'बी' आणि 'सी' हे विषाणु एकीच्या रक्तांतून दुसरीच्या रक्तांत जात, एच्. आय्. व्ही.चें भयही तेंच. 'बी'ची लस आहे, ती सहा महिन्यांत तीन वेळां घ्यावी लागते. 'सी'ची लस नाहीं. म्हणून सुई आपल्या डोळ्यांसमोर नव्या पाकिटांतून काढलेली असावी, रंग आपल्यापुरत्या लहान वाटींत ओतलेला असावा आणि उरलेला टाकून द्यावा. हातमोजे नवे असावेत. हें पाहण्याचा संकोच करूं नये. बाजारांत आपण वांगें उलटेंसुलटें करून पाहतों, मग येथें कां लाजावें?

"आणि वैशाखांतलें लग्न म्हणून चैत्रांत हें करूं नका," बाई म्हणाल्या. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. घाम ओल्या भिवईवरून वाहणार, उन्हानें रंग उडणार, आणि त्यांतच हळदी लागणार. कोणताहि समारंभ असो, दोन महिन्यांचें अंतर हवें. वहिनींनीं मान डोलावली. त्यांच्या माहेरीं गोंदणारीण येई ती हिवाळ्यांतच.

शेवटीं बाई म्हणाल्या, "आतां तो डाग पाहूं." आम्हां सर्वांची समजूत तें कोड असावें अशी होती. कोड असतें तरी तपास लागलाच असता. वाढत्या कोडांत सुई टोंचली तर टोंचलेल्या जागीं नवे डाग उठतात. बाईंनीं मुलीस डोळे मिटावयास सांगितलें, कापसाची बारीक वात केली आणि म्हणाल्या, "जेथें लागेल तेथें बोट ठेव." उजव्या भिवईवर वात लागली, बोट आलें. कपाळावर लागली, बोट आलें. डाव्या भिवईच्या शेपटावर वात तीनदां लागली. बोट आलें नाहीं.

तपासण्या झाल्या आणि चार दिवसांनीं निदान पक्कें झालें. तो कुष्ठरोग होता. आमच्या आजोबांच्या काळचा 'महारोग'.

त्या दिवशीं घरांत कोणी धड जेवलें नाहीं. ज्या जिल्ह्यांत वरोऱ्यास बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली, ज्या आनंदवनाच्या सहली आमच्या शाळेनें कितीदां तरी काढल्या, त्याच जिल्ह्यांतील आम्ही! रोग्यांचा तिरस्कार करूं नये असें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल. परंतु तो आपल्या उंबऱ्याच्या आंत आला तेव्हां मुलीच्या आईनें सुचविलें कीं, पार्लरवालीकडून भिवई भरून घ्यावी, वैशाखांत लग्न उरकावें आणि औषध मागाहून सुरू करावें. आणि आम्ही तें ऐकून दोन दिवस गप्प बसलों. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते, पण लिहिलें पाहिजे. डाग झांकण्याची सोय हाताशीं आहे, एवढ्यानेंच शहाणीं माणसें कशीं फिरतात, हें आम्हीं आपल्याच घरीं पाहिलें.

डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस पुन्हां बोलावून नीट समजाविलें. तें ज्ञान घरोघर असावें म्हणून थोडक्यांत देतों. हा रोग एका मंद जंतूचा आहे. तो अंगांत शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत वर्षें लोटतात, म्हणून 'कोठून आला' ह्याचा शोध करीत बसूं नये. बहुतेक माणसांच्या अंगीं त्याचा प्रतिकार उपजतच असतो. तो स्पर्शानें सहज लागत नाहीं, वंशपरंपरेनें येत नाहीं, आणि औषध सुरू होतांच रोग्यापासून दुसऱ्यास लागण्याचें भय लवकरच नाहींसें होतें. औषध सरकारी आरोग्यकेंद्रांत फुकट मिळतें. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने घ्यावें लागतें. दहा हजारांत एकापेक्षां कमी रोगी राहिल्यामुळें २००५ सालच्या अखेरीस भारतानें ह्या रोगाचें सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन साधलें; पण तो संपला नाहीं, आणि आपल्या पूर्व विदर्भांत तो आजही आहे. वेळेवर औषध न घेतल्यास मज्जातंतु कायमचे निकामी होतात, हाताची बोटें वांकतात, पापणी मिटत नाहीं, दोन्ही भिवया समूळ झडतात.

गोंदणाशीं त्याचा संबंधही बाईंनीं सांगितला, तो ऐकून आम्ही थक्क झालों. शेजारच्या छत्तीसगढांतील भिलाई येथून २००२ सालीं एका त्वचारोगतज्ज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. जत्रेबाजारांत गोंदवून घेतलेल्या जागींच कुष्ठाचे डाग उठलेल्या ३१ रोग्यांची त्यांत हकीकत आहे. न उकळलेली, अनेकांस वापरलेली सुई हेंच त्याचें कारण असावें असें त्यांनीं दाखविलें. आमच्या मुलीनें तोंवर कधीं गोंदविलें नव्हतें. पण तिच्या भिवईंत बुडालेली सुई पुढें दुसऱ्या कोणा मुलीच्या भिवईंत गेली असती, तर?

दुसऱ्या दिवशीं मुलीनें कोणासही न विचारतां नियोजित वरास फोन केला आणि सर्व सांगितलें. त्यानें पहिला प्रश्न विचारला तो, "औषध किती महिन्यांचें?" त्याची आई आठ दिवसांनीं आली, तिनें डॉक्टरीणबाईंची गांठ घेतली, आणि मग आमच्या घरीं चहा घेतला. त्यांच्याकडील एका वडील आप्तांनीं लग्नास येण्याचें नाकारलें. तेंही येथें सांगतों, कारण सर्वच गोड झालें असें नाहीं. कायदा मात्र माणसांच्या पुढें गेला आहे. १८९८ चा महारोग्यांविषयींचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं कायद्यांतून काढून टाकण्यांत आलें.

औषध फाल्गुनांत सुरू झालें तें भाद्रपदांत संपलें. घरांतील आम्हां अकरा माणसांची तपासणी झाली आणि ज्यांस चालण्यासारखें होतें त्यांस प्रतिबंधक औषधाचा एक डोस मिळाला. एकत्र कुटुंबांत हें करून घ्यावेंच. लग्न मार्गशीर्षांत झालें. त्या दिवशीं तिनें भिवईवर पेन्सिलीची रेघ ओढली होती, एवढेंच. डाग बराच मिटला, पण केंस पुरते परत आले नाहींत.

म्हणून गेल्या पौषांत, रोग शांत आहे आणि डागावर पुन्हां लाली किंवा सूज येत नाहीं असें पाहून डॉक्टरीणबाईंनीं परवानगी दिल्यावर, तिनें भिवया भरून घेतल्या. काम करणारणीस तिनें आधींच सांगून ठेविलें कीं, ह्या जागीं मला दुखत नाहीं, तेव्हां हात हलका ठेवा. दुखणें हा सुईचा लगाम असतो, तो येथें नाहीं. मग पंधरा दिवस ती आमच्या घरीं राहिली आणि वहिनींनीं तिची निगा राखली. ती अशी :

हात साबणानें धुतल्याखेरीज भिवईस बोट लावावयाचें नाहीं. उकळून गार केलेल्या पाण्यांत स्वच्छ मऊ कापड भिजवून हलकेंच टिपावयाचें, घासावयाचें नाहीं. दिलेलें मलम तांदळाच्या दाण्याएवढें, पातळ लावावयाचें. जाड थर दिल्यास घाव कुजतो. हळद, कुंकू, अष्टगंध, अंगारा, खोबरेल ह्यांपैकीं कांहींही भिवईस लागूं द्यावयाचें नाहीं. हळदीविषयीं वहिनींनीं वाद घातला, कारण त्यांच्या गोंदणावर हळदच लावली होती. पण घरची हळद म्हणजे निर्जंतुक हळद नव्हे, हें त्यांस पटलें. दोन आठवडे नदींत किंवा तलावांत बुडी नाहीं, वाफारा नाहीं, पावडर नाहीं. चुलीपुढें फार वेळ बसावयाचें नाहीं, बाहेर जातांना छत्री घ्यावयाची. चौथ्या-पांचव्या दिवशीं खपली धरते आणि खाज सुटते. ती खाजवून खपली काढली तर रंग तिच्याबरोबर निघतो आणि वण राहतो. वहिनी रात्रीं तिच्या हातांत जपमाळ देत, बोटें गुंतलेलीं राहावींत म्हणून.

रंगानें घाबरूं नये. पहिल्या दिवसांत तो फार गडद दिसतो, खपली पडल्यावर अगदीं गेल्यासारखा वाटतो, आणि महिन्याभरानें खरा बसतो. कमीजास्त करणें तें सहा ते आठ आठवड्यांनंतरच. मात्र लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर मलमाचा प्रयोग न करतां डॉक्टरांकडे जावें. महिन्यांनंतर त्या जागीं गांठी उठल्या तरीही. घाव भरल्यावर उन्हांत जातांना सनस्क्रीन लावावें. पुढें एक वर्ष रक्तदान करतां येत नाहीं. एम्. आर्. आय्. करण्याचा प्रसंग आल्यास भिवईंत रंग आहे हें तेथें सांगावें. क्वचित् ऊब किंवा सूज येते, पण तेवढ्यासाठीं तपासणी टाळूं नये. नापसंत झाल्यास लेसरनें काढूं, असा भरंवसाही धरूं नये. लोखंडाचा रंग लेसरखालीं उलट काळा पडूं शकतो.

तिची भिवई आतां कशी दिसते असें कोणी विचारील, तर चांगली दिसते. कोठें थांबलें आणि कोठून रंगविलें हें आम्हांस ओळखतां येत नाहीं. वहिनींस येतें असें त्या म्हणतात. परंतु ती रंगविली म्हणून आम्ही समाधानी आहों असें नव्हे. ती रंगविण्यापूर्वीं कोणीतरी तिला कापसाची वात लावून पाहिली, ह्यांत आमचें समाधान आहे. ज्या वाचकांच्या घरीं मुलीच्या, सुनेच्या किंवा मुलाच्याही अंगावर एखादा फिकट डाग आहे आणि तो झांकण्याचा विचार चालला आहे, त्यांनीं तो आधीं उजेडांत डॉक्टरांस दाखवावा. रंग नंतर भरतां येतो.